स्मृतिहीन नायिका

‘आई कुठे काय करते!’ ही मराठी मालिका डिसेंबर २०१९ मध्यें ‘स्टार प्रवाह’ या वाहिनीवर सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस संपली. जवळजवळ पांच वर्षें ती घरोघरीं पाहिली गेली. तिची सांगता झाली तेव्हां तिच्याविषयीं सर्वांत कडवट कोण बोलत होते? ज्यांनीं तिचा एकहि भाग पाहिला नव्हता ते रसिक नव्हेत. पहिल्या दिवसापासून ती न चुकतां पाहात आलेले प्रेक्षकच. हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकानें थोडा थांबून विचार करावा असा आहे. न आवडलेलें पुस्तक मनुष्य मिटून बाजूला ठेवतो. त्याला राग येतो तो आवडलेल्या पुस्तकानें मध्येंच दगा दिला म्हणजे. या रागाचें कारण नीट शोधून काढणें हें टीकेचें काम आहे, आणि तें आपल्याकडे फारसें कोणी अंगावर घेतलेलें दिसत नाहीं.

सुशिक्षित मंडळींत या रागाची वासलात एका वाक्यांत लावण्याची रीत आहे. "इतका त्रास होतो तर पाहतां कशाला?" असें विचारलें कीं काम भागलें. प्रश्न हुशारीचा वाटतो, पण त्याच्या पोटीं आळस आहे. इंग्रजींत रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ ही कादंबरी १७४७-४८ या काळांत भागाभागांनीं प्रसिद्ध होत होती, तेव्हां तिच्या वाचकांनीं पत्रें लिहून लेखकापाशीं नायिकेला वांचविण्याविषयीं गळ घातली होती. वाचूं नका म्हणजे झालें, असें उत्तर त्यांना रिचर्डसननें दिलें नाहीं. त्यानें पत्रांचा विचार केला, वाद घातला, आणि शेवटीं क्लॅरिसेला मरूं दिलें. आज ती कादंबरी वाचतांना डोळ्यांत पाणी येतें, पण आपण फसविले गेलों असें वाटत नाहीं. कारण त्या मुलीच्या स्वभावांतून आणि तिच्यावर ओढवलेल्या प्रसंगांतून दुसरा शेवट निघतच नव्हता. म्हणजे प्रेक्षकाचा हट्ट पुरविला नाहीं एवढ्यानें प्रेक्षक दुखावत नाहीं. त्याचें दुखणें दुसरेंच कांहीं तरी असतें.

तें काय, हें प्रेक्षकांना स्वतःला नेहमींच सांगतां येतें असें नाहीं. त्यांच्या तोंडीं दोन तक्रारी असतात. एक, मालिका फार लांबविली. दुसरी, तींत बायकांना फार रडविलें. दोन्ही खऱ्या आहेत, आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. लांबी हा मूळचा दोष नव्हे. ज्या ‘क्लॅरिसे’चा वर उल्लेख केला ती सात खंडांची आहे. आणि रडण्याविषयीं बोलावयाचें तर ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधूपेक्षां अधिक दुःख मराठी रंगभूमीवर कोणत्या नायिकेनें भोगलें आहे? सिंधूचा पतिव्रताधर्म आज आपल्याला पटत नाहीं. माझ्या वर्गांतील विद्यार्थिनींना तर तो अजिबात पटत नाहीं, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाहीं. परंतु सिंधू पहिल्या अंकांत जी असते तीच ती शेवटच्या अंकांत असते, आणि मधल्या प्रत्येक आघाताची खूण तिच्या बोलण्यांत उतरलेली असते. तिच्याशीं भांडतां येतें, कारण ती कोणी तरी आहे. आमच्या मालिकेच्या प्रेक्षकांची अडचण अशी झाली कीं भांडावयाचें कोणाशीं, हेंच त्यांना कळेना. सोमवारची अरुंधती शुक्रवारीं सांपडत नव्हती.

प्रथम या मालिकेचें श्रेय तिच्या पदरांत टाकलें पाहिजे. कथेचें मूळ बंगाली आहे. लीना गंगोपाध्याय यांची ‘श्रीमयी’ ही मालिका २०१९ सालींच बंगालींत चालू झाली होती. तिच्यावरूनच मराठी मालिका आली, २०२० सालीं हिंदींत ‘अनुपमा’ आली, आणि तेलुगु, तमिळ, मल्याळम, कानडी या भाषांतहि त्याच स्त्रीचे निरनिराळ्या नांवांनीं संसार मांडले गेले. पंचवीस वर्षें घर सांभाळणारी, मुलांना आणि सासूसासऱ्यांना गृहीत असलेली, आणि नवऱ्याला कंटाळवाणी झालेली एक गृहिणी. नवऱ्याचे कचेरींतील एका सहकारी स्त्रीशीं जुळलेले संबंध. आणि ते उघडकीला आल्यावर त्या गृहिणीचें हळूहळू स्वतःच्या पायांवर उभें राहणें. कथा म्हणून यांत नवें असें थोडेंच आहे. नवें होतें तें तपशिलांत. मालिकेचें नांव म्हणजे घरांतल्या माणसांच्या तोंडचें एक निष्काळजी वाक्य आहे; आई कोठें काय करते, असें मूल म्हणतें तेव्हां त्याच्या ताटांत तिनेंच वाढलेली पोळी असते. हें वाक्य आपण सर्वांनीं कधीं ना कधीं म्हटलेलें किंवा ऐकलेलें असल्यामुळें पहिल्या कांहीं महिन्यांत ती मालिका पाहणें हें पुष्कळ घरांत जरा अवघड झालें असावें.

मधुराणी प्रभुलकर यांनीं अरुंधती फार समजून उभी केली. मोठ्या प्रसंगीं आवाज चढवावा हा आमच्या दूरचित्रवाणीचा शिरस्ता. या बाई तेथें आवाज उतरवीत. मुग्धा गोडबोले यांच्या संवादांतहि मध्यमवर्गीय मराठी घरांतील बोलण्याचा खरा वास होता. २०२१ सालीं कथेंत अरुंधती आणि अनिरुद्ध यांचा घटस्फोट झाला. मराठी मालिकेंत घटस्फोट हा बहुधा नायिकेवर कोसळणारा प्रसंग असतो. येथें तो तिच्या निर्णयाच्या रूपानें आला. प्रेक्षकांना तो पटला, आणि त्यांत साठीच्या पुढील बायकाहि पुष्कळ होत्या, ही गोष्ट लहान नव्हे. मालिकेनें त्या क्षणीं आपल्या प्रेक्षकांशीं एक करार केला असें मी समजतों. या स्त्रीला जें समजलें आहे तें आतां तिच्याजवळच राहील, हा तो करार.

तो लागलीच मोडला. घटस्फोट झाला, अनिरुद्धाचें संजनेशीं लग्न झालें, संजना सून म्हणून ‘समृद्धी’ बंगल्यांत आली, आणि अरुंधती? ती त्याच बंगल्यांत राहिली. निमित्तें होतीं, मालिकेंत निमित्तांना तोटा नसतो. मुलें होतीं, सासरे होते, घरांतला तिचा हक्क होता. नवऱ्याच्या नव्या संसारांतील भांडणें ती सोडवूं लागली. पुढें आशुतोष केळकर या तिच्या जुन्या मित्राबरोबर प्रवासांत एक रात्र बाहेर राहण्याची वेळ आली, त्यावरून तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडाले, तेव्हां ती घराबाहेर पडली. प्रेक्षकांनीं दुसऱ्यांदा सुटकेचा श्वास टाकला. मग गाणें आलें, कमाई आली, आणि २०२३ सालीं आशुतोषशीं विवाहहि झाला. मोठ्या मुलांच्या आईनें, सून घरांत आलेली असतांना, मांडवांत उभें राहून दुसरें लग्न करावें, आणि तें घरोघरच्या जेवणाच्या वेळीं दाखविलें जावें, हें धैर्याचें होतें. मालिकेविषयीं काय वाटेल तें म्हणा, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु या दुसऱ्या संसारांतहि तिचें अर्धें लक्ष पहिल्या घराच्या उंबऱ्यावर. मुलीचें लग्न बिघडलें, अरुंधती तिकडे. सासूची प्रकृति बिघडली, अरुंधती तिकडे. आणि अखेरच्या वर्षांत आशुतोषचा मृत्यु घडवून आणून तिला पुन्हां त्याच ‘समृद्धी’ बंगल्यांत आणून बसविण्यांत आलें.

ती परत आली, यावर माझा आक्षेप नाहीं. परत येणें ही कथेंतील सर्वांत जुनी आणि सर्वांत बलवान घटना आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ आठवून पाहा. तीहि १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमाक्रमानेंच छापून येत होती. तेव्हां आठवड्याच्या हप्त्यांत कथा सांगणें हें आजच्याच काळाचें दुर्दैव आहे, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. यमूचा नवरा रघुनाथ सुधारक मताचा. तो तिला लिहावयाला वाचावयाला शिकवितो, मुंबईस नेतो, तेथें तिला चार माणसांत मोकळेपणानें बोलतां येतें. मग तो मरतो, आणि यमू पुण्याच्या त्या जुन्या घरांत परत येते. कथेचा सांगाडा पाहिला तर तो अरुंधतीच्या अखेरच्या वर्षाशीं किती जुळतो! समजूतदार नवरा, थोडें मोकळें आयुष्य, त्याचा मृत्यु, जुन्या घरांत पुनरागमन. पण यमूचें पुनरागमन वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो, आणि अरुंधतीचें पाहतांना प्रेक्षक म्हणतो, "झालें, आली परत!"

हा फरक कशानें पडला? यमू मुंबईस जाऊन आलेली आहे, ही गोष्ट हरिभाऊ क्षणभरहि विसरत नाहींत. बळजबरीनें केशवपन होतें तें एका शिकलेल्या, विचार करूं लागलेल्या मुलीचें. मुंबईचे दिवस तिच्या मनांत जिवंत आहेत म्हणून पुण्याचें घर इतकें भयंकर वाटतें. ती सारी कादंबरी यमूनें स्वतः आठवून आठवून लिहिलेली हकीकत आहे, अशी हरिभाऊंची योजना आहे. म्हणजे तिची स्मृति हाच त्या पुस्तकाचा कणा. आमच्या अरुंधतीला कोणी आठवूंच देत नाहीं. ती ‘समृद्धी’च्या स्वयंपाकघरांत परतते तेव्हां मधल्या वर्षांत ती गायिका झाली, स्वतंत्र राहिली, प्रेम करून पाहिलें, तें गमावलें, यांतलें कांहीं तिच्या हातांच्या हालचालींत दिसतें का? क्वचित् मधुराणीबाईंच्या डोळ्यांत दिसतें. लेखनांत दिसत नाहीं. पुन्हां तोच ओटा, पुन्हां अनिरुद्धाचे तेच टोमणे, आणि पुन्हां तें पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखें तिचें व्याकुळ होणें. मालिकेनें तिच्यावर दुःखें लादलीं याचा मला राग नाहीं. दुःखानें जें शहाणपण यावयाचें तें दर दोन-तीन महिन्यांनीं तिच्याकडून परत काढून घेतलें, हा खरा अन्याय आहे; आणि प्रेक्षकांच्या त्राग्याचें मूळ येथें आहे असें मला वाटतें.

ही खोड एकट्या या मालिकेची नाहीं. ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३ ते २०१६) या मालिकेंतील जान्हवीचें गरोदरपण संपेना म्हणून महाराष्ट्रभर थट्टा झाली. पण त्याच मालिकेंत त्याहून मोठा चमत्कार घडला होता. तेथें नायिकेची स्मृति अक्षरशः नाहींशी करण्यांत आली, म्हणजे घटस्फोटापर्यंत आलेली कथा पुन्हां मागें नेतां येईल! लेखकांनीं केलेला हा एक प्रामाणिक कबुलीजबाबच म्हणावयाचा. इतर मालिका जें आडून करतात तें त्यांनीं वैद्यकीय कारण देऊन उघडपणें केलें. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६ ते २०२१) मधील राधिका मसाल्यांच्या धंद्यांत तीनशें कोटींची मालकीण झाली. हा आंकडा लोकांच्या विनोदाचा विषय होऊन बसला. विनोद पैशांचा नव्हता. तीनशें कोटी मिळविलेल्या बाईच्या वागण्यांत तीनशें रुपयांचाहि फरक पडूं नये, गुरुनाथच्या नव्या थापेवर तिनें पुन्हां तशीच मान डोलवावी, हें पाहून लोक हंसत होते.

आतां दुसऱ्या स्त्रीकडे वळूं. संजना ही या मालिकेंतील सर्वांत वायां गेलेली व्यक्ति आहे, आणि तिच्याविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों. ती नोकरी करणारी, कर्तबगार, पहिल्या लग्नांत सुखी नसलेली, एका मुलाची आई. अनिरुद्धाला तिच्यांत जें दिसलें तें प्रेक्षकालाहि दिसावें, तिचें आकर्षण खरें वाटावें, तरच अरुंधतीचा पराभव खरा वाटतो. प्रारंभीं तें साधलें होतें. २०२० च्या साथींत चित्रीकरणें थांबलीं. पुढें ही भूमिका दीपाली पानसरे यांच्याकडून रूपाली भोसले यांच्याकडे आली, आणि प्रेक्षकांनीं हा बदल थोड्याच दिवसांत पचविला. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. चेहरा बदलला तरी प्रेक्षक सांभाळून घेतो. नटी बदलली म्हणून संजना बदलली असें त्याला वाटत नाहीं. त्याला सांभाळून घेतां येत नाहीं तें स्वभावाचें बदलणें. कथेला भांडण हवें असेल त्या आठवड्यांत संजना कारस्थानी, भांडणाचा कंटाळा आला कीं रडवेली, अनिरुद्धाला आणखी दुष्ट दाखवावयाचा असेल तेव्हां बिचारी. अशी जी वाटेल त्या सांच्यांत ओततां येते, तिला पात्र म्हणतां येत नाहीं.

आणि येथें किती मोठी संधि हातची गेली! संजना ‘समृद्धी’त सून होऊन आली तेव्हां तिच्यापुढेंहि तोच ओटा आला, तीच सासू आली, आणि घराबाहेर मोकळ्या मनाचा वाटणारा तोच पुरुष घरांत नवरा होऊन बसला. जिच्यासाठीं बायको टाकली, तिची त्याच घरानें हळूहळू तीच बायको करून टाकावी, यासारखा कठोर उपरोध कोणत्या नाटककाराला सुचला असता तर त्यानें त्यावर तीन अंक उभे केले असते. मालिकेला तो सुचला, कांहीं प्रसंगीं तो दिसलाहि, पण त्यापाशीं थांबण्याइतका धीर तिला नव्हता. कांचन या सासूचेंहि तसेंच. अर्चना पाटकर यांनीं ती ओळखीची केली. आजची शिव्याशाप देणारी सासू उद्यां पोटाशीं धरते हें मनुष्यस्वभावांत बसतें, पण त्या दोन दिवसांमध्यें तिच्या मनांत काय झालें तें दाखवावें लागतें. तें दाखविण्याऐवजीं आपल्याला तिघींचे चेहरे पाळीपाळीनें जवळून दाखविले जातात आणि मागें वाद्यें वाजतात.

या सगळ्या अस्थिर मांडणींत एकच व्यक्ति पांच वर्षें आपल्या जागीं टिकून राहिली, आणि ती पुरुष आहे. मिलिंद गवळी यांनीं केलेला अनिरुद्ध प्रथमपासून अखेरपर्यंत आत्मकेंद्री, अपमान न विसरणारा, आपल्याला सोडून कोणी सुखी झालेलें सहन न होणारा. त्याला सगळें आठवतें. कोणी त्याला कधीं काय म्हटलें, अरुंधतीनें कोणत्या दिवशीं त्याचें ऐकलें नाहीं, आशुतोषच्या घरीं त्याला कशी वागणूक मिळाली, याचा हिशेब त्याच्याजवळ पक्का. स्वभावाचें सातत्य लेखकांना जमत नाहीं, असें म्हणण्याची यामुळें सोय राहात नाहीं. तें त्यांना उत्तम जमतें. तें त्यांनीं पुरुषाला दिलें. बायकांना प्रसंगाप्रमाणें वळण्याचें काम दिलें. हें कोणी ठरवून केलें असेल असें मी म्हणत नाहीं. अशा गोष्टी ठरवून केल्या जात नाहींत म्हणूनच त्या अधिक तपासण्यासारख्या असतात.

लेखकांची बाजूहि मांडली पाहिजे. आठवड्याला पांच-सहा भाग, प्रत्येक वीसबावीस मिनिटांचा, आणि दर आठवड्याला ‘बार्क’ संस्थेचे प्रेक्षकसंख्येचे आंकडे डोक्यावर येऊन बसलेले. एखादा भाग न पाहिलेल्या बाईला दुसऱ्या दिवशीं कथा समजली पाहिजे. म्हणजे कालच्या भागांत न फिरणारें असें कांहीं घडतां कामा नये. शिवाय घर उभारलेलें असतें. ‘समृद्धी’चा दिवाणखाना, जिना, स्वयंपाकघर हीं सगळीं चित्रीकरणासाठीं कायम मांडून ठेवलेलीं, कथेनें कितीहि उड्डाणें केलीं तरी माणसें पुन्हां त्याच सोफ्याभोंवतीं जमविणें सोयीचें. मला तर कधीं कधीं वाटतें, अरुंधतीला घर सोडूं दिलें नाहीं तें सासूनेंहि नव्हे आणि नवऱ्यानेंहि नव्हे, त्या सुतारकामानें. त्यांत बंगाली मूळ मालिका २०२१ सालींच आटोपली. मराठी मालिका त्यापुढें जवळजवळ तीन वर्षें चालली. मुक्काम गांठल्यावरहि गाडी पुढें हांकावयाची म्हणजे ती त्याच रस्त्यानें मागें आणि पुढें फिरवावी लागणारच.

हें सर्व मान्य करूनहि, साधनाच्या स्वरूपावर सगळें ढकलणें मला पटत नाहीं. ‘उंच माझा झोका’ ही रमाबाई रानड्यांच्या जीवनावरील मालिका २०१२ सालीं सुरू झाली ती याच वेळापत्रकांत, याच जाहिरातींच्या मधून. तेथेंहि घरांतल्या वडील बायकांचा छळ होता, रडणें होतें, लांबणहि होती. पण रमा एकदां अक्षर शिकली म्हणजे शिकली. कथेच्या गरजेसाठीं पुढच्या महिन्यांत तिला निरक्षर करतां येत नव्हतें, कारण १९१० सालीं छापलेलें तिचें आत्मचरित्र लेखकांसमोर उघडें होतें. घडून गेलेल्या आयुष्याचा जो धाक तेथें होता, तोच धाक कल्पित आयुष्याचा बाळगणें, यालाच आपण कादंबरीकाराची निष्ठा म्हणतों. इब्सेनच्या ‘बाहुलीचें घर’ या १८७९ च्या नाटकाची हकीकत तर प्रसिद्धच आहे. मी माझ्या मुलांना कधींच टाकून जाणार नाहीं, असें म्हणून एका जर्मन नटीनें नोराची भूमिका आहे तशी करण्याचें नाकारलें. दुसऱ्या कोणी शेवट बिघडविण्यापेक्षां आपणच बिघडवावा म्हणून इब्सेननें १८८० सालीं नोराला मुलांच्या दारापर्यंत नेऊन तेथेंच थांबविणारा शेवट लिहून दिला, आणि आपल्याच नाटकावरचा अत्याचार म्हणून त्याला नांव ठेवलें. नोराला थांबवितांना निदान तिच्या जनकाला लाज वाटली. मराठींत अनंत काणेकरांनीं ‘घरकुल’ (१९४१) या नांवानें हें नाटक आणलें त्यालाहि आतां ऐंशीं वर्षें उलटून गेलीं. दाराबाहेर पडलेल्या बाईचें पुढें काय होतें, हा प्रश्न आमच्याकडे अजून तसाच आहे.

एक आक्षेप मात्र खरोखरीच वजनदार आहे. तो असा, कीं प्रत्यक्षांत बायका परत येतात. घटस्फोटानंतरहि मुलांच्या परीक्षा असतात, सासऱ्यांचीं औषधें असतात, आणि पंचवीस वर्षें ज्या घराचा प्रत्येक डबा आपण लावला त्याची ओढ कागदावरच्या सहीनें तुटत नाहीं. अरुंधतीचें वागणें हेंच खरें वास्तव आहे, असें एका प्रौढ विद्यार्थिनीनें मला सांगितलें. ती स्वतः नोकरी सांभाळून पदवीचा अभ्यास करीत होती. तिचें म्हणणें मी अनेक दिवस मनांत घोळविलें. तें खरें आहे, आणि म्हणूनच तें मालिकेच्या विरुद्ध जातें. परत येणारी बाई सगळें लक्षांत ठेवून परत येते. कोणत्या खुर्चीवर बसावयाचें नाहीं, कोणत्या खोलींत जावयाचें नाहीं, चहा करून द्यावयाचा पण स्वतः तेथें घ्यावयाचा नाहीं, असे तिचे शेंकडो बारीक निश्चय असतात. तिच्या परतण्यांत तडजोड असते, हिशेब असतो, कधीं एक प्रकारचा सूडहि असतो. त्या निश्चयांची कथा कोणी सांगितली असती तर अरुंधती शंभर वेळां परत आली तरी प्रेक्षकांनीं तिला आपली म्हटलें असतें. ज्यांना स्वतःला घर सोडतां आलें नाहीं अशा कितीतरी बायका पोळ्या लाटतां लाटतां ही मालिका पाहात होत्या. अरुंधतीनें बंड करावें असा त्यांचा आग्रह नव्हता. जें तिनें एकदां मिळविलें तें तिच्यापाशीं राहावें, एवढीच त्यांची मागणी होती.

चित्रीकरणाच्या जागीं एक मनुष्य केवळ या कामासाठीं असतो, कीं आधींच्या दृश्यांत नायिकेच्या कानांत काय होतें, साडीचा पदर कोणत्या खांद्यावर होता, टिकली गोल होती कीं लांबट, पेल्यांत पाणी किती उरलें होतें, याची वहींत नोंद ठेवावी, म्हणजे पुढच्या दृश्यांत चूक राहूं नये. हें काम फार कसोशीनें केलें जातें, आणि त्यांत चूक झालीच तर प्रेक्षक ती तेव्हांच पकडतात. नायिकेनें गेल्या चैत्रांत भर दिवाणखान्यांत उभें राहून सर्वांदेखत काय सांगितलें होतें, याचीहि एखादी वही त्या जागीं ठेवण्याला फारसा खर्च येईल असें वाटत नाहीं.